टोपलीखालचं पीठ

माझे वडील, आण्णा, गेले तेव्हा मस्कतला असलेल्या माझ्या धाकट्या भावाला, दिपेशला, लगेच सुट्टी मिळाली नाही. तो निघाला त्याच संध्याकाळी चिखलोलीच्या घरात आण्णांच्या जागेवर तांदळाचं पीठ पसरून, शेजारी दिवा लावून, पिठावर टोपली पालथी घालायची होती. पिठात उमटलेल्या खुणेवरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते आमच्यात बघतात. मी भौतिकशास्त्र शिकवते. आईसाठी गप्प होते.

भागीरथीकाकूंची एकच अट होती. "घरचा कुनी वाटंवर असंल तं टोपली नाय घालायची. मेलेल्याच्या आधी त्याचाच पाय पडतो."

"काकी, तो उतरला पन," चुलतभाऊ भावेश म्हणाला. "तीनला विमान सुटलं, दोन तास चाळीस मिनिटांचा प्रवास. आता टॅक्सीत असंल."

काकूंनी टोपली घातली.

चहा गाळताना माझ्या लक्षात आलं. "भावेश, तीन कुठले? तिकिटावर तिथली वेळ असते."

"मग?"

"मस्कतचं घड्याळ दीड तास मागे आहे. इथे साडेचार वाजले होते."

मस्कत ते मुंबई, पंधराशेच्या वर किलोमीटर. आता साडेसहा होत होते. भावेशने मोबाइलवर विमान शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. नकाशावर विमानाखाली अजून सगळं पाणी.

आईने टोपली उचलली.

पिठात माणसाचं उजवं पाऊल होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. भोवतीचं पीठ सपाट.

"आण्णांचंच," भावेश म्हणाला.

साखरेच्या आजारात आण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला होता.

सव्वासातनंतर फोन आला. "ताई, उतरलो. उजवा पाय पार बधिर झालाय गं. चाकाची खुर्ची मागवली. लोकांना वाटतंय नाटकं करतोय."

"कधीपासून?"

"झोप लागली होती. उठलो तर पाय माझा नाहीच."

योगायोग तपासता येतो. मी त्याला न सांगता लांब बोटाच्या ठशावर करंगळी टेकवली.

"आई गं! दुसऱ्या बोटाला काहीतरी लागलं. येतोय वाटतं परत."

मी हात काढला. "आणि आता?"

"आता... नाही. गेलं."

मी करंगळी टेकवली होती तिथे ठशाची कड ढासळली होती.

काकू सूप आणि केरसुणी घेऊन आल्या. "वंगाळ निशानी हाय. आत्ताच नदीत सोडायची."

"केरसुणी बाहेर ठेवा, काकू. भावेश, पंखा बंद कर. खिडक्या लाव."

"ताई, त्याला यायला दोन तास लागतील. उकडून मरू."

"लागू देत."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "दिप्या, मधी कुठं थांबू नको. आनि बूट गाडीतच काढून ठेव, आल्याबरोबर या ठशात पाय ठेवायचाय," ती म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून पिठापासून दूर सरकली, ठशाला श्वास लागू नये म्हणून.