आडवा चंद्र

नाडूदा आला तेव्हा मी एका श्राद्धाच्या पत्रिकेत मजकूर बसवत होतो. माझ्या दुकानात दोन्ही कामं चालतात, फंक्शनची पोस्टरं आणि श्राद्धाच्या पत्रिका. दुकान बंगालात, मेचेद्याच्या बसस्टँडसमोर आहे.

नाडूदा गावोगावच्या फंक्शनांना गायक पुरवतो. माझी बायको बीथिका एकवीस वर्षं त्याच्याकडेच गायली. पोस्टरवर 'मिस बीथिका'. लग्न झालेलं असलं तरी बाई मिसच, असा या धंद्यातला नियम आहे, आणि ते 'मिस' मीच लिहायचो. गेल्या आश्विनात, दुर्गापूजेच्या ऐन तोंडावर, ती गेली. पोटाचं दुखणं होतं.

"हरू, नवी मुलगी घेतलीय," नाडूदा स्टुलावर बसत म्हणाला. त्याने येताना मुरमुरे आणि बटाट्याचा चॉप आणला होता. "पियाली नाव. गळा अगदी बीथिकाचा. डोळे मिटून ऐकलंस तर उठून दार उघडायला जाशील."

"बरं मग?"

"मग काय, बीथिका-कंठी म्हणून चालवायची."

कंठी आमच्याकडे नवीन नाही. नावाजलेल्या गायकाच्या गळ्यात जो गातो तो त्याचा कंठी. लोकांना ते ठाऊक असतं, ठाऊक असूनच ते ऐकायला येतात. बीथिकाच्या नावाने कुणी गाणार म्हटल्यावर मला खरं तर बरं वाटलं. मग तो पोस्टर सांगायला लागला.

"बीथिका मधोमध, मोठी. हातात माईक. मागे गर्दी, लाइट. पियाली खाली कोपऱ्यात, एवढीशी. 'बीथिका' नाव हातभर, 'कंठी पियाली' त्याच्याखाली बारीक. आणि वर लाल पट्टी, लाइव्ह."

"लाइव्ह," मी म्हणालो.

"पियाली काय टेप लावणार आहे? लाइव्हच गाणार. यात खोटं काय?"

"आणि नावाआधी चंद्रबिंदू?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाआधी चंद्रबिंदू काढतात. एक आडवी कोर, तिच्यावर टिंब. पत्रिकांमध्ये मी तो रोज टाइप करतो. ज्याला धड वाचता येत नाही त्यालाही तो कळतो.

नाडूदाचा घास थांबला. "मढ्याची खूण फंक्शनच्या पोस्टरवर? कुठल्या गावची कमिटी घेईल? अरे, तिकडे नदीपलीकडच्या गावांत कुणाला माहीत आहे ती गेली ते? चालेल तोवर चालेल."

"लोकांना वाटेल तीच येतेय."

"वाटू दे की. वाटायला काय जातं?" त्याने वाकून स्क्रीनवर तिचा जुना फोटो शोधला आणि चॉपचं तेलकट बोट तिच्या गालावर टेकवलं. "हा घे, निळ्या साडीतला. आणि हे बघ, तुला नको असेल तर कोलाघाटात करून घेतो. ते लोक तिचं डोकं कुणाच्याही धडावर बसवतील. तू निदान तिच्याच धडावर ठेवशील."

तो गेल्यावर मी स्क्रीन पुसली. डाग पसरला, निघाला नाही. साबण आणून पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. निळ्या साडीतला फोटो उघडून मी तिच्या कडेने कापायला लागलो. केसांशी आलो की हळू जावं लागतं, नाहीतर मागची भिंत केसांत अडकून राहते. हे मी शेकडो वेळा केलं आहे. त्या दिवशी कापता कापता मला शिसारी आली. नाडूदाची आधीच आली होती. ही माझ्या हाताची होती.

कारण फोटोतली बाई गोरी होती. बीथिका सावळी होती, चांगलीच सावळी. पहिलं पोस्टर केलं तेव्हा मी तिला दोन छटा उजळ केली होती. ते पाहून ती म्हणाली होती, "ही कोण आणलीस रे? दुसरी केलीस की काय?" आम्ही दोघं हसलो होतो. पुढे दर मोसमात मी तिला थोडी थोडी गोरी करत गेलो, हनुवटीवरचा तीळ पुसला, गळ्याच्या घड्या पुसल्या, आणि प्रत्येक वेळी मूळ फोटोवरच साठवत गेलो. जागा वाचायची. श्राद्धाला फोटो हवा झाला तेव्हा सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. तिच्या खऱ्या रंगाचा एकही निघाला नाही. या गोरीलाच चंदनाचे ठिपके लावून रजनीगंधाचा हार घातला. तिची बहीण पाया पडायला वाकली आणि तशीच थांबली. "दादाबाबू, ही माझी ताई नाही," म्हणाली.

तेव्हा नाडूदाला मी काय नावं ठेवणार? त्याला मेलेली जिवंत करून विकायची होती. मी तर ती जिवंत होती तेव्हाच तिला पुसून ठेवलं होतं.

दुपारी तो पियालीला घेऊन आला. बावीस-तेवीसची असेल. सावळी, हाडकुळी, शाल घट्ट गुंडाळलेली. तिचा फोटो घ्यायचा होता.

"हिलाही बीथिकाच्या रंगात आण," नाडूदा म्हणाला.

"बीथिकाचा रंग कोणता?"

त्याने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. "हा काय."

मी पियालीचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला. तिच्या डाव्या भुवईवर ताजी खोक होती, दोन टाके घातलेले.

"हे काय गं?"

तिने नाडूदाकडे पाहिलं. तो फोनवर कुणा कमिटीवाल्याशी बोलत दाराबाहेर गेला होता.

"गेल्या शनिवारी लागलं, काका," ती हळू म्हणाली. "गाडीवर भोंगा लावून यांनी गावभर सांगितलं, बीथिका येतेय. मी स्टेजवर गेले. लोकांनी एक गाणं ऐकून घेतलं. मग ओरडायला लागले, बीथिकाला बाहेर काढा, बीथिकाला कुठे लपवलीत. मला वाटलं कुणी चहाचं मातीचं भांडं फेकलं. वीट होती."

"त्यांना सांगायचं ना, ती गेली म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, खोटारडी, तिला मारतेस." शालीच्या टोकाशी तिचा चाळा चालला होता. "मला तिचीच गाणी गायचीत, काका. मी तिची कंठी आहे हे मला आवडतं. पण ती म्हणून जायला भीती वाटते."

नाडूदा आत आला. "काय कुजबुज चाललीय? ती जखम पुस, हरू. आणि उद्या छापायला टाकायचंय."

दोघं चहाला गेले. मी बसलो. बीथिकाला मधोमध ठेवलं, सांगितलं तसं. गर्दी लावली. ती एका खेळाच्या मैदानातली आहे, वर्षानुवर्षं तीच लावतो. लाल पट्टी लावली. हातभर अक्षरांत 'बीथिका' लिहिलं. मग बराच वेळ त्या नावाआधीच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिलो. मागे मी काळं आकाश घातलं होतं. पत्रिकेच्या फाइलमधला चंद्रबिंदू उचलला, मोठा केला, त्याला पिवळसर उजेड दिला. कोर आडवी, वाटीसारखी. वरच्या टिंबाला चार बारीक किरणं काढली. आणि तो बरोबर नावाआधी, अक्षरांच्या रांगेत ठेवला.

ते परत आले. नाडूदाने मान तिरकी करून पाहिलं.

"चंद्र दिलास? छान केलंस, रात्रीचं वाटतं. पण असा आडवा का पडलाय?"

"माघात असाच दिसतो. संध्याकाळी बाहेर येऊन बघ."

"आणि वर ही चांदणी?"

"शुक्राची."

"तू आणि तुझी कलाकारी," तो म्हणाला. पण चेहरा खूश होता. "मुलीला अजून गोरी कर जरा."

"ही अशीच राहील. नाहीतर कोलाघाटला जा."

तो पुटपुटला, पण उद्याची छपाई होती. "राहू दे काळी. कोपऱ्यातच तर आहे."

पियाली स्क्रीनच्या जवळ आली होती. तिचे ओठ हलत होते, पोरं पाटीवरचं वाचतात तसे, डावीकडून एकेक. चंद्रापाशी ते थांबले. मग नावावर गेले. पुन्हा चंद्रावर आले.

तिने माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर नाडूदाने तो तिथल्या तिथे पुसायला लावला असता.

"नाडूकाका," ती म्हणाली.

"काय?"

"चंद्र फार बारीक झालाय. लांबून दिसायचा नाही. जरा मोठा करायला सांगा ना."

"कर रे हरू, मोठा कर," नाडूदा म्हणाला. "म्हणतेय ना ती."

मी मोठा केला.