दशरथाची झोप

आमची नाटक मंडळी तेनालीची. दशरथाची भूमिका सोमलिंगम भावोजींची, कौसल्येची रत्तम्मा अक्काची. अक्का माझी थोरली बहीण, म्हणजे राजाराणी खरेखुरे नवराबायको. मी पेटी वाजवायचो. मद्रासच्या एका कंपनीने रामाच्या वनवासावर तेलुगू बोलपट काढायचं ठरवलं आणि आमची अख्खी मंडळीच उचलली.

भावोजींची पन्नाशी उलटली होती. खेळ संपला की सामान बांधायचं, गाडीत बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि सकाळी पुढच्या गावात उतरायचं, यात तीस वर्षं गेलेली. नाटकात त्यांचं मरणच वीस मिनिटं चालायचं. लोकांनी वन्स मोअर दिला की उठून पुन्हा मरायचे.

डायरेक्टर अदबीने म्हणाले, "सोमलिंगमगारू, इथे मरायला दीड मिनिट आहे. आलापी नको."

भावोजींनी मान हलवली.

शूटिंग उन्हातच चालायचं. भरजरी अंगरखा, कापसाची दाढी, वर मे महिना. सकाळपासून ते दहा वेळा मेले. कधी कावळा ओरडला, कधी ढग आला. दोनदा अक्काचा आवाज माइकमध्ये फाटला. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायची सवय, ती कशी सुटणार?

अकराव्या वेळी भावोजी फार छान मेले. अक्काने डोकं मांडीवर घेतलं, विलापासाठी श्वास घेतला, आणि राजा घोरायला लागला.

सगळे हसले. डायरेक्टर हसले नाहीत. "उठवा त्यांना. ऊन चाललंय."

अक्काने भावोजींच्या कपाळावर हात ठेवला. "नाही उठवायचं."

"अहो रत्तम्मागारू, मेलेला माणूस घोरतो का?"

"कुशीवर वळवते, घोरणं थांबेल. तुम्ही माझं तोंड तेवढं घ्या. मरतायत रोज, झोपतायत आज."

डायरेक्टरांनी उन्हाकडे पाहिलं. मग त्यांनी कॅमेरा जवळ आणायला सांगितला. मी पेटीचा भाता अगदी हलका धरला. अक्का गायली ती जेमतेम ओठांतून, मांडीवरचा माणूस जागा होऊ नये म्हणून. तिला इतकं हळू गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. गाणं एका दमात पार पडलं. भावोजी त्यानंतरही तासभर झोपले. तिच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

तेनालीत बोलपट लागला तेव्हा त्या गाण्याला बायका पदराने डोळे पुसत होत्या. भावोजी पडद्याकडे बघत म्हणाले, "मी एवढा थकलेला दिसतो?"

"दिसता," अक्का म्हणाली.

पुढे मद्रासहून बोलावणं आलं ते एकट्या अक्काला. ती दोन बोलपट करून आली. दरम्यान आमच्या खेळांना माणसं येईनाशी झाली. ज्या दिवशी नाटकाचा तंबू विकला, त्या दिवशी भावोजींनी दहीभात खाल्ला, ओसरीवर चटई अंथरली आणि भर दुपारी आडवे झाले.