पळालेल्यांचा पत्ता

"आमी पळालंव ओ!" नर्मदा फोनमध्ये ओरडून सांगत होती. "व्हय, पळालंव! आख्खो गाव पळालो. घराकडे आता कुत्रोसुदा मेळाचो नाय तुका."

चुलीपाशी वड्यांचं पीठ मळणारी रसिका आईकडे बघून हसली.

"कोणाकडे काम आसा? रसिकाकडे? मगे हंयच ये. चिंदरच्या वाटेन ये, वेस संपली की वड लागता, तेच्या बाजूक निळी ताडपत्री. आणि जेवक ये हां, कोंबड्याची सागोती आसा!" नर्मदेने फोन कमरेला खोचला. "कोण गो तो दीपेश? कसल्या तरी फायनान्सचो म्हणा होतो. आमच्या दाराकडे उभो आसा. पळालंव म्हटल्यार घाबारलो बिचारो."

रसिकाचं हसू तिथेच विरलं.

तो घाबरणारच. कोल्हापूरकडचा पोरगा, कुडाळला नोकरीला येऊन दोन महिने झालेले. आचऱ्याची गावपळण त्याला कुठून ठाऊक असणार? तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याची माणसं घराला कुलपं घालतात, गुरंढोरं, कोंबडी, मांजरं सगळं बरोबर घेतात आणि वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या ठोकून तीन दिवस, तीन रात्री काढतात. गावात चिटपाखरू राहत नाही. आणि राहुट्यांत काय मजा! चुलीला चूल लागून, पत्ते, भजनं, खेकडे, एकाच्या घरची फोडणी दहा घरांना. बाकी सगळं असतं, फक्त आडोसा नसतो. झावळीच्या भिंतीआड शिंकलात तरी चौथ्या राहुटीतून कोणीतरी विचारतं, "औषध घेतलंस काय रे?"

अशा ठिकाणी वसुलीवाला येत होता. आणि त्याच सुमाराला रसिकाच्या मैत्रिणीही जेवायला येत होत्या.

रसिका मालवणात एका लॅबमध्ये रक्त घेते. हात इतका हलका की म्हातारी माणसं, "ता आचऱ्याचा चेडू येवंदे, मगे सुई टोचा," म्हणून बाकावर बसून राहतात. पगार साडेचौदा हजार. आई बंदरावर मासे विकते, वडील नाहीत, घर स्वतःचं; या पगारात दोघींचं छान भागलं असतं. पण मैत्रिणींचा चौघींचा ग्रुप झाला. नम्रता, रश्मी, संजना आणि ही. आता खरं सांगायचं तर पोरी भल्या होत्या. "खर्च कर" असं कोणी कोणाला कधी म्हटलं नाही. फक्त रश्मीने महागडा फोन घेतल्यावर रसिकाने काढलेले फोटो ग्रुपवर कोणी ठेवीनासं झालं. नम्रताचा वाढदिवस तारकर्लीच्या रिसॉर्टवर झाला, मग तो प्रत्येकीचाच तिथे होऊ लागला. "चलात मा?" असं विचारलं की मोबाइलवर पटापट अंगठे उठायचे, आणि शेवटचा अंगठा रसिकाचा असायचा. तो उठवायच्या आधी ती पगाराला राहिलेले दिवस मोजायची. 'माझ्याकडे पैसे नायत' या तीन शब्दांत सगळं मिटलं असतं. ते तीन शब्द काही तिच्या तोंडून फुटले नाहीत. त्याऐवजी फोनचा हप्ता आला, स्कूटरचा हप्ता आला आणि ते दोन हप्ते भरायला एका अॅपवरून तिसरं कर्ज आलं. कर्जाच्या फॉर्मवर ओळखीचा नंबर मागितला होता. तिने आईचा दिला होता.

गावपळणीचं ऐकून नम्रताने ग्रुपवर लिहिलं, "वॉव, कॅम्पिंग!" झालं! रसिकाला झावळ्यांची राहुटी एकदम गरीब दिसायला लागली. आईच्या निळ्या ताडपत्रीशेजारी आता चार हजार भाड्याचा पांढराशुभ्र तंबू उभा होता, आत गाद्या, बाहेर दिव्यांच्या माळा. शेजारच्या राहुटीतल्या धोंडू आबाने सकाळीच विचारून घेतलं होतं, "गो, लगीन कोणाचा आसा?"

पोरी आल्या. तंबूसमोर, वडाखाली, म्हशीबरोबर फोटो झाले. "मावशी, काय भारी वास येता!" म्हणत त्या पंगतीला बसतात न बसतात तोच वडाखाली एक मोटारसायकल थांबली. पाठीला बॅग आणि केसांपासून बुटांपर्यंत लाल धूळ माखलेला एक पोरगा उतरला. त्याला बघताच संजना उठली. "माझा डोक्या दुखता," म्हणाली आणि तंबूत जाऊन आडवी झाली.

"रसिका मॅडम?" पोराने विचारलं.

आता हा तोंड उघडणार आणि आई, नम्रता, रश्मी, धोंडू आबा, अख्खी वाडी ऐकणार.

"जरा बाजूला येता काय?"

बाजू आणायची कुठून? नर्मदेने तर त्याला हाताला धरून पाटावर बसवलंच. "आदी जेव. काम खंय पळता?"

दीपेश नको नको म्हणत राहिला आणि सहा वडे जेवला. सकाळपासून रिकाम्या गावात फिरत होता बिचारा. दारोदार हाका मारल्या, ओ द्यायला माणूस नाही, शेवटी त्याला आपलीच भीती वाटायला लागली होती. नर्मदा वाढत होती, आग्रह करत होती, "तुझे आवस-बापूस खंय आसतत रे?" विचारत होती. हात धुवून झाल्यावर तिने सरळ विचारलं, "बोल बाबा, काय काम होता?"

दीपेशने एकदा नर्मदेकडे पाहिलं, एकदा रसिकाकडे. तिचा चेहरा झावळीसारखा सुकला होता.

"काय नाही मावशी. विम्याचं सांगायचं होतं. नंतर येतो की."

सुटली! रसिका त्याच्या मागोमाग मोटारसायकलीपर्यंत गेली. त्याने फोन काढला, हळूच म्हणाला, "घर बंद, कर्जदार फरार, असं टाकतो. आठवडाभर तुम्हाला कोणी त्रास देणार नाही."

"फरार?"

"तसा रकाना आहे, मॅडम. तुमच्या आईच म्हणाल्या की, पळालो म्हणून."

आता बघा, पोरगा भलं करत होता. गप्प राहायचं, मान हलवायची, आठवडा मोकळा. पण रसिकाच्या डोळ्यांसमोर आई आली, पहाटे चारला बंदरावर जाणारी, बाजारात एकाच जागी तीस वर्षं बसलेली. ती बाई फरार? जिच्या पाटीवरचा मासा कधी शिळा निघाला नाही, ती?

"तसा लिवू नको," रसिका म्हणाली. आवाज चढला, पण आता थांबवता येईना. "आमी खंय पळाक नाय. कर्जदार भेटली म्हणान लिव. माझ्याकडे पैसे नायत म्हणाली, असा लिव!"

पंगतीतल्या माना वळल्या. शेजारी पत्ते खेळणाऱ्या धोंडू आबाचा हात पान टाकता टाकता वरच राहिला.

नर्मदा पदराला हात पुसत आली. "किती?"

"सव्वीस हजार," रसिका मान खाली घालून म्हणाली. "घेतले अठराच होते. वरचो दंड."

आई आता हात उगारेल असं तिला वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं. पण नर्मदा वळली दीपेशकडे.

"दंड कसलो रे?"

"उशिराचा, मावशी. दिवस जातील तसा चढतो."

"दुपार झाली की माझ्या बांगड्याचो भाव उतारता. तुझो दंड कसो काय चढता?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्या सायबाक फोन लाव. दंड सोड म्हणान सांग. मुद्दल फिटासर महिन्याक चार हजार. ह्या चेडू देतला, माझ्याकडसून एक पैसो मेळाचो नाय. आणि तो तंबू आजच परत जातलो."

साहेबाशी अर्धा तास घासाघीस चालली. दंड सगळा काही सुटला नाही, निम्मा सुटला. नर्मदेला तेवढा भाव पटला. जाताना तिने दीपेशला पानात बांधून चार वडे दिले, आणि त्याने ते घेतले.

संजनाला झोपू दे म्हणत नम्रता आणि रश्मी लवकरच निघाल्या. "सांगायचा मा गो आमका," नम्रता म्हणाली, पण रसिकाकडे न बघता. स्कूटर चालू झाल्या आणि गेल्या. वाईट नव्हत्या हो पोरी. फक्त पुन्हा भेटल्यावर काय बोलायचं, हे कोणालाच सुचणार नव्हतं. ती खरकट्या पत्रावळी गोळा करत बसली.

तंबूचा पडदा हलला. संजना बाहेर आली, डोळे सुजलेले.

"गेलो काय तो?"

"कोण?"

"दीपेश." संजना तिच्या शेजारी मातीतच टेकली. "आमच्या घराकडे तीनदा येऊन गेलो. माझे चाळीस हजार आसत गो. घरात कोणाक म्हायती नाय."

रसिकाच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, चौघींत ती एकटीच खोटी.

"कसा बोललंस गो तू?" संजनाने विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"तोंडान. आणि कसा?"

संजना हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग नाक पुसून, ओठातल्या ओठात, पुटपुटली, "माझ्याकडे पैसे नायत."

"मोठ्यान बोल!" चुलीपाशी भांडी घासणारी नर्मदा मान न वळवता म्हणाली. "पुटपुटलंस तर कोणाक ऐकाक येतला?"

"माझ्याकडे पैसे नायत!" संजना ओरडली.

शेजारच्या राहुटीत धोंडू आबाने मान वर केली. दोघी पोरींकडे नीट पाहिलं.

"कोणाकडे आसत गो?" तो म्हणाला, आणि पुन्हा पत्ते पिसायला लागला.