सुताराच्या खोलीतला लोबान

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. तोंडाने जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भट्टीतून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, मिरी आणि सुंठ कुटण्यातच जन्म जाणार. पण एका सुताराच्या घरी आलो आणि त्याच्या बायकोने माझ्यात लोबान टाकला.

लोबान म्हणजे झाडाच्या जखमेतून गळून वाळलेला चीक. हजारो वर्षं माणसं त्याच्या सुगंधावर जीव टाकत आली आहेत. सुताराची बायको घरी मेणबत्त्या करायची. लोबान कुटायचा, पूड कोमट तेलात मुरवायची आणि फडक्यातून गाळलेलं तेल तेवढं मेणात घालायचं. पूडच मेणात गेली तर वात गुदमरते. शेजारणी मेणबत्त्यांचं तोंड भरून कौतुक करायच्या. माझं नाव कोण घेतो!

पुढे सुतार छपरावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. खोलीत वास कोंडला. येणारेजाणारे दारातूनच चौकशी करून काढता पाय घेऊ लागले. ज्या धाकट्या भावाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं, तोही फिरकेना. सुतार दिवसभर दाराकडे बघत राहायचा.

एकदा भावाचा निरोप आला, दुपारी येतो म्हणून. बायकोची धांदल उडाली. त्याने आत येऊन घटकाभर बसावं, एवढंच तिला हवं होतं. तेल मुरवायला वेळ नव्हता. तिने थोडी पूड तशीच मेणात ढवळली आणि मेणबत्ती करून खोलीत लावली.

"राहू दे गं," सुतार म्हणाला. "माझाच वास मला सोसवत नाही, त्याला कसा सोसवेल?"

भाऊ उंबऱ्यात उभा राहिला. तेवढ्यात वात तडतडली आणि काळा धूर सोडून विझली. त्याने नाकाला रुमाल लावला, परत येतो म्हणाला आणि गेला. सुताराने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला असा संताप आला, पण लोखंडाच्या संतापाला विचारतो कोण?

उरलेली पूड तिने मग तेलात मुरत ठेवली. ते तेल गाळायच्या आधीच सुतार गेला.

तिने त्या तेलाची मेणबत्ती केली आणि त्याच्या उशाशी लावली. सगळी खोली दरवळली. धाकटा भाऊ प्रेताशेजारी मांडी घालून संध्याकाळपर्यंत रडत बसला.

"आज बसलात, भाऊजी," ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने मेणबत्ती केली नाही. मी माळ्यावर गंजत पडलो आहे. मला पुसा, तेल लावा, असलं काही मी मागणार नाही. मित्रांनो, घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर नाक दाबून का होईना, पण जवळ जाऊन बसा. त्याला कळतंय तोवर बसा.