पिवळी दोरी

माझी नणंद शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीणच म्हणतात. तीन वर्षं झाली तरी नोकरी हंगामीच. आता तपासनीस येऊन तिचा एक तास बघणार होते, आणि ती कायम होणार की हातात नारळ मिळणार हे त्यावरच ठरणार होतं. एवढं असताना बाईसाहेबांनी विषय निवडला पृष्ठरज्जू.

"अगं, सोपं काहीतरी घे की. बेडूक घे," मी म्हटलं.

"बेडकालाही असतेच ती, वहिनी. माशाला, पाखराला, तुला, मला. गर्भात हाडांचा अजून पत्ता नसतो, तेव्हा पाठीत ही दोरी तयार होते."

फळ्यावरच्या आकृतीला मुलं जांभया देतात, म्हणून तिला कापडाचं मॉडेल हवं होतं, आणि मी पडले शिंपीण. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. माझ्या कापायच्या टेबलावर तिनं चित्र पसरलं. मधे पिवळी दोरी, खाली लाल आतडं, वर निळी नळी.

"या नळीतून मेंदू आणि मेरुरज्जू होतात. पण आधी तो नुसता सपाट थर असतो. त्याला वळ म्हणून सांगते ती ही दोरी."

"म्हणजे सासूच की."

"सासू नाही गं. तुझा कच्चा टाका समज. तिच्या रेषेत मणके येतात, आणि मग तिचं काम संपतं."

हे मात्र मला चटकन कळलं. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून चार दिवस शिवत बसले. अस्तराच्या निळ्या कापडाची नळी केली, पिवळ्या लोकरीची जाड दोरी वळली, तिच्याभोवती कापूस भरलेले पांढरे मणके घट्ट शिवले. शेवटच्या संध्याकाळी मणके पुरे झाले आणि मी दोरी ओढून काढली. कच्चा टाका राहिलेला कपडा म्हणजे अर्धी हजामत, असं माझे वडील म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेय मी. दोरी हट्टी निघाली, पण मीही काही कमी नाही.

सकाळी मास्तरणीनं मॉडेल उचललं, उलटंपालटं केलं.

"वहिनी, पिवळी दोरी कुठंय?"

"काढली. तूच म्हणालीस ना, कच्चा टाका."

ती मटकन स्टुलावर बसली. "अगं, सगळा तास तिच्यावरच आहे."

सासूबाई गेल्या तेव्हा ही सात वर्षांची होती. माझ्या मशीनच्या पायाशी बसून पाढे म्हणायची. हिचं नुकसान व्हायचं ते माझ्याच हातून व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. आणि तासाला उरला होता जेमतेम एक तास. तेवढ्यात काय उसवणार आणि काय शिवणार?

"सगळी नाही निघाली," मी ओशाळून म्हटलं. "मणके घट्ट होते, तुटत तुटत आली. तुकडे अडकलेत मधे."

तिनं मान वर केली. दोन मणके बोटांनी फाकवले. आत लोकरीचा पिवळा गोळा बसला होता. पुढच्या फटीतही तसाच. मग ती हसायलाच लागली.

"चपला घाल, वहिनी. तू पण चल."

वर्गात मी मागच्या बाकावर बसले. शेजारी तपासनीस, कमरेला पट्टा बांधून ताठ. मास्तरणीनं दोरीची गोष्ट सांगितली आणि मॉडेल पुढे धरलं. "आता शोधा, ती गेली कुठं?"

मुलं तुटून पडली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मणके फाकवले. "बाई, इथे आहे. इथेही आहे."

"बरोबर. माणसाच्या पाठीतली दोरी अशीच जाते, पण पूर्ण जात नाही. दोन मणक्यांमधे गादी असते ना, तिचा मऊ गाभा म्हणजे तिचाच उरलेला भाग."

तपासनिसांचा हात कमरेकडे गेला. "माझी नेमकी तीच गादी सरकलीय," ते मला हळूच म्हणाले.

तास संपल्यावर त्यांनी मॉडेल मांडीवर घेऊन एकेक मणका दाबून बघितला. "कुणी शिवलं हे?"

"आमच्या वहिनीनं," मास्तरीण म्हणाली. "मलाही तिनंच उभं केलंय."

मला कुठे बघावं ते कळेना.

"जपून ठेवा," वही मिटता मिटता ते म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या मुलांनाही हेच दाखवा."

पुढच्या वर्षी. मास्तरणीनं माझा हात घट्ट धरला. तिच्या बाहीला पिवळ्या लोकरीचा एक धागा चिकटला होता. सवयीनं माझी बोटं तिकडे गेली, पण मी तो तसाच राहू दिला.