सेवादास गुरुजींच्या छातीचा फोटो

मी एक जुना फोटो आहे. पण मित्रांनो, माझ्यात हसरा चेहरा शोधू नका. मी छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे. १९५७ साली यवतमाळच्या एका दवाखान्यात मला औषधाच्या पाण्यातून बाहेर काढले, तेव्हा माझ्यावर फासळ्यांची जाळी उमटली होती आणि उजवीकडे वर एक पांढुरका डाग होता. तो क्षयाचा होता.

त्या फासळ्या सेवादास गुरुजींच्या. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर ते शाळा चालवत. दीड वर्ष त्यांनी सुया टोचून घेतल्या, गोळ्या खाल्ल्या आणि ते बरे झाले. मग मला कोण विचारणार? त्यांच्या पत्नीला, जमनाबाईंना, मी नजरेसमोरही नको असे. त्यांनी मला जुन्या ओढणीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले. चार वर्षे मी तिथे पडून होतो. वाईट वाटे, पण त्या माउलीचे तरी काय चुकले? मला पाहिले की तिला ते खोकल्याचे दिवस आठवत.

१९६३ साली गुरुजींनी आयुष्याचा विमा काढायचे ठरवले. दोन्ही मुली लहान होत्या. विम्याचे एजंट देवीलाल फॉर्म भरायला ओसरीवर बसले. ‘पूर्वी मोठा आजार झाला होता का?’ या प्रश्नापाशी त्यांचा पेन थांबला.

“गुरुजी, ‘नाही’ लिहू द्या ना. आता तं तुम्ही ठणठणीत आहा. क्षय म्हटलं की अर्ज वापस येते.”

“अन् उद्या माह्यं बरंवाईट झालं, हे खोटं उघडं पडलं, तं हिच्या हाती काय येईन?” गुरुजी म्हणाले. “नाही भाऊ. खरं लिहा.”

खरे लिहिले गेले. मग तपासणीसाठी गुरुजी आणि जमनाबाई दारव्ह्याला गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले.

“नवा फोटो काढा, अन् जुना असन तं तोही आणा. दोन्ही शेजारी धरल्याशिवाय डाग थांबला का वाढला, हे मी कसं सांगू?”

“तो तं कधीचाच फेकला असन,” गुरुजी हताशपणे म्हणाले.

“नाही फेकला,” जमनाबाई हळूच म्हणाल्या. “फेकाले हातच नाही झाला मले.”

त्यांनी मला पेटीतून काढले तेव्हा मी पिवळट झालो होतो, एका कोपऱ्यावर ओरखडे होते. डाग मात्र स्पष्ट होता. डॉक्टरांनी मला आणि नव्या फोटोला खिडकीच्या उजेडात धरले.

“डाग जुनाच आहे, सुकलेला. सहा वर्षांत तीळभर वाढला नाही.”

महिनाभराने पत्र आले. हप्ता थोडा जास्त पडणार होता, पण विमा मंजूर झाला होता. गुरुजींनी ते दोनदा मोठ्याने वाचले. जमनाबाई डोळे पुसता पुसता हसू लागल्या.

“म्हणजे सरकारी कागदावरही तुम्ही बरे झाले न?”

मित्रांनो, मला वाटे मी फक्त आजाराचाच कागद आहे. त्या दिवशी कळले, बरे होण्याची साक्षही माझ्यातच होती. म्हणून आम्हा जुन्या एक्स-रेंना दुमडू नका, उन्हात टाकू नका, काळे म्हणून फेकू नका. आणि आजारातून उठलेले कुणी खरे सांगायला कचरत असेल, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.