उत्तरासाठी सोडलेली जागा

तिचा नवरा उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. सकाळी तो दोराला लटकला की संध्याकाळी जिन्यात त्याची पावलं वाजेपर्यंत हिचा जीव टांगणीला. म्हणूनच, जपानी शिकून तिकडे वृद्धांची देखभाल करण्याची नोकरी मिळवायची आणि या माणसाला एकदाचं जमिनीवर आणायचं, असा चंग तिने बांधला होता. भाजी चिरता चिरता ती ओट्यावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर धडे ऐकायची.

हवामानाच्या धड्यात एक बाई विचारायची, "आश्ता नो तेन्की वा दो देस्का?" उद्या हवा कशी असेल? मग शिकणाऱ्याने बोलावं म्हणून थोडी जागा कोरी सोडलेली, आणि त्यानंतर एक पुरुष सांगायचा, "हारे देशो." बहुधा स्वच्छ ऊन असेल. एका संध्याकाळी मात्र तो म्हणाला, "आमे देशो." पाऊस. तिला वाटलं, आपलेच कान वाजले. दुसऱ्या दिवशी ध्यानीमनी नसताना पाऊस कोसळला, आणि पुढे त्या आवाजाचं एकही उत्तर चुकलं नाही. "हवामान खातं आपल्याच ओट्यावर आलं म्हणायचं," असं म्हणून नवरा हसायचा, पण तिने अडवलं की घरी थांबायचा.

मग एकदा बाईने प्रश्न विचारला आणि उत्तर आलंच नाही. फीत नुसती खरखरत राहिली. तिने ती मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकली.

"अहो, उद्या वर चढू नका."

"का? पाऊस म्हणाला का तो?"

"काहीच म्हणाला नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि सकाळी डबा घेऊन निघून गेला.

दिवसभर लख्ख ऊन होतं. त्याची यायची वेळ टळून गेली, तसं तिला राहवेना. तिने टेप लावली. बाईने विचारलं. खरखर सुरू झाली, आणि त्या खरखरीत कुणीतरी खाकरलं, बोलण्याआधी तो खाकरायचा अगदी तसंच. पाठोपाठ त्याचाच आवाज आला, जपानीचं अक्षरही न येणाऱ्या तिच्या नवऱ्याचा. "हारे देशो."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दार उघडून तो आत आला, चांगला धडधाकट, बाहीवर रंगाचे शिंतोडे, चेहऱ्यावर हसू. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"किती घाबरले होते मी. उद्या जाऊ नका हं."

बूट काढता काढता त्याने मान वर केली. त्याचे ओठ हलले, आणि उत्तर ओट्यावरच्या टेपमधून आलं.